सव्वा रुपयाचा पुकारा

एरवी सभेत भिंतीला टेकून बसणाऱ्या गहिनीनाथनं त्या दिवशी तोंड उघडलं, आणि सगळं तिथून सुरू झालं. गप्प बसला असता तर त्याला कुणी नावं ठेवली नसती. पण माणसाला शहाणपण सुचतं तेव्हा ते गिळून टाकण्याचं शहाणपण सहसा सुचत नाही.

बहात्तर साल सरत आलं होतं. पावसानं सलग दगा दिलेला, गावोगाव माणसं खडी फोडायला बसलेली. तरी नगरच्या त्या कॉलेजात गॅदरिंगच्या आधी काहीतरी समाजकार्य निघायचं ते निघालंच. आरोग्य सहाय्य मंडळ नावाच्या संस्थेचा शहराबाहेर माळावर क्षयरोग्यांचा दवाखाना होता. पत्र्याखाली ओळीनं खाटा, औषधं फुकट. पण छातीचा फोटो काढायचं यंत्र नव्हतं. त्यासाठी खोकणाऱ्या माणसाला टांग्यात घालून शहरात न्यावं लागे. ते यंत्र घ्यायला कॉलेजच्या पोरांनी निधी जमवावा, वर्गावर्गांत स्पर्धा लावावी आणि जो वर्ग जास्त जमवील त्याला ढाल द्यावी, असं मंडळानं सुचवलं होतं. इतिहासाचे मुळेसर या कामाचे प्रमुख. त्यांनी प्रत्येक वर्गातून दोघंचौघं बोलावून सभा घेतली.

शहरातल्या पोरांनी नेहमीच्या सूचना केल्या. कुणी म्हणालं नाटक बसवू, कुणी म्हणालं पत्र्याचे डबे घेऊन बाजारपेठेत फिरू. भिंगारचा मुरली म्हणाला, सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम ठेवू, मी निवेदन करतो. मुरलीचे वडील मिलिटरीच्या डेपोत कारकून होते आणि मुरलीला देवानं असा आवाज दिला होता की कबड्डीच्या सामन्यात लोक खेळ सोडून त्याचं बोलणं ऐकत. मुळेसर सगळं ऐकून घेत होते आणि चेहऱ्यावर काही दाखवत नव्हते.

तेव्हा गहिनीनाथ उठला. म्हणाला, डब्यात टाकलेले पैसे कुणाला दिसत नाहीत, म्हणून खेड्यातला माणूस डब्यात टाकत नाही. लग्नात आहेर कसा पुकारतात, अमक्या गावचे अमके, यांच्याकडून इतके, तसं बाजारात कर्णा लावून पुकारायचं. नाव, गाव आणि कुणाच्या नावानं दिले तेही. मेलेल्या बापाचं नाव कर्ण्यावर ऐकायला मिळणार असेल तर माणूस खडी फोडून आणलेल्या पैशातलेही देईल.

पोरं आधी हसली. मुळेसर हसले नाहीत. त्यांनी त्याला पुन्हा एकदा सगळं सांगायला लावलं आणि फळ्यावर लिहून काढलं. त्या संध्याकाळी होस्टेलवर परत जाताना गहिनीनाथला आपण दोन बोटं उंच झाल्यासारखं वाटत होतं. त्यात त्याचं काही चुकलं नाही. विशीतल्या पोराला एवढा आनंद कुणी नाकारू नये.

शिवाय त्याला या कामाची ओढ होती, त्याचं कारण त्यानं कुणाला सांगितलेलं नव्हतं. माळावरच्या त्याच दवाखान्यात, खिडकीजवळच्या खाटेवर, त्याची थोरली बहीण लंका उन्हाळ्यापासून पडून होती.

लंका तिसगावजवळच्या एका वस्तीवर दिली होती. नवरा कचरू, सासू भागिरथी, आणि तीन वर्षांचा मुलगा भीमा. माहेरही तिसगावच्या पलीकडंच. दोन्ही घरांचा बाजार एकच. लंकाच्या थुंकीत रक्त आलं तेव्हा ती माहेरी होती, हे त्यातल्या त्यात नशीब. आई रंगुबाईनं ते राखेनं झाकलं आणि गहिनीनाथला नगरहून बोलावून घेतलं. कचरूच्या भावकीतल्या एका सुनेला हाच आजार झाला होता. तिला बैलगाडीत घालून बापाच्या दारात आणून सोडलं आणि ती तिथं गोठ्यात मेली. तिच्या नवऱ्यानं त्याच साली दुसरी केली. हे दोन्ही घरांना माहीत होतं. म्हणून मायलेकांनी ठरवलं, सासरी सांगायचं की गर्भपिशवीचं दुखणं आहे, नगरला बायकांच्या दवाखान्यात ठेवलंय, तिथं पुरुषांना आत सोडत नाहीत. पिशवीचं नाव काढलं की पुरुष पुढं विचारत नाही. कचरूनंही विचारलं नाही. दोनदा माहेरी येऊन चहा पिऊन गेला, बायकोसाठी गूळशेंगदाणे ठेवून गेला. माणूस वाईट नव्हता, हे गहिनीनाथला टोचायचं.

स्पर्धा ठरल्यावर मुळेसरांनी सगळ्यांना दवाखाना दाखवायला नेलं. ज्यासाठी मागायचं ते डोळ्यांनी बघा, म्हणाले. गहिनीनाथला टाळता आलं नाही. पोरं खाटांच्या मधून अंग चोरून चालली होती. मुरलीनं नाकाला रुमाल लावला होता. खिडकीपाशी आल्यावर गहिनीनाथ बहिणीकडं न बघता पुढं गेला, आणि लंकानंही पदर तोंडावर ओढून भिंतीकडं तोंड केलं. दोघांचं काही ठरलेलं नव्हतं. दोघांनाही ते आपोआप कळलं, याची त्याला लाज वाटली. बाहेर डॉक्टरांनी सगळ्यांसाठी चहा ठेवला होता. तो फक्त मुळेसरांनी आणि गहिनीनाथनं प्यायला. बाकीच्यांनी कपांना हात लावला नाही.

दुसऱ्या सभेत बाजार वाटून द्यायचे होते. गहिनीनाथनं आपल्या वर्गासाठी कर्जत मागितलं. तिथली माणसं हौशी आहेत, असं काहीतरी तो बोलला. मुळेसरांनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं. म्हणाले, अरे, ओळखीच्या गावात माणूस नावासाठी देतो, हे तूच आम्हाला शिकवलंस. मग तुला तिसगाव सोडून कर्जत कशाला? पोरांनी चेष्टा सुरू केली, याला आपलं घर आम्हाला दाखवायचं नाही, घरी भाकरी घालावी लागेल म्हणून भितोय. गहिनीनाथ तांबडालाल झाला. एक वाक्य बोलला असता तर सर थांबले असते, आणि तेच वाक्य त्याला बोलता येत नव्हतं. तो हटून बसला असता तर दुसरा वर्ग तिसगावला गेला असता आणि तिथं लक्ष ठेवायला तो नसता. शेवटी तो बरं म्हणाला. आपलीच कल्पना आपल्याच गळ्यात अशी अडकली.

निदान मुरलीला सांगावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. कर्ण्यावर मुरलीच बोलणार होता. बॅटरी आणि कर्णा नीट करत दोघं कॉलेजच्या पायरीवर बसले होते. गहिनीनाथनं घसा साफ केला. तेवढ्यात मुरली सहज म्हणाला, त्या दवाखान्यातून आल्यापासून आई माझं ताट वेगळं घासती बघ. आणि हसला. गहिनीनाथनं स्क्रू आणखी पिळला.

बाजाराच्या आधी तो घरी जाऊन आला. बातमी चांगली होती आणि ती आईला सांगितल्याशिवाय त्याला राहवलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, लंकाची थुंकी आता साफ येते. महिनाभर धीर धरा, मग ती घरी जाईल, मुलाला जवळ घेईल, कुणाला तिच्यापासून काही व्हायचं नाही. रंगुबाईनं पदर तोंडात धरला आणि कितीतरी वेळ नुसती मान हलवत राहिली. मग त्यानं तिला बजावलं, या बाजाराला आमची पोरं येणार आहेत, कर्णा असेल, तू तिकडं फिरकू नकोस आणि कुणाजवळ एक अक्षर बोलू नकोस. ती व्हय व्हय म्हणाली. आनंदात असलेल्या माणसाला काही बजावू नये. त्याच्या कानात ते शिरत नाही.

तिसगावचा बाजार त्या साली भाजीचा कमी आणि जनावरांचा जास्त झाला होता. चारा नाही म्हणून लोक बैल काढत होते आणि घेणारं कुणी नव्हतं. जनावरांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. या लोकांपुढं हात पसरायचा, या विचारानं पोरांची तोंडं उतरली. पण मुरलीनं मंडळाच्या जीपच्या टपावर उभं राहून ढालीची स्पर्धा सांगितली, पहिली चार नावं पुकारली आणि गर्दी वळली. गहिनीनाथचं म्हणणं अक्षर न् अक्षर खरं ठरलं. हातावर खडीचे फोड असलेली माणसं कमरेची गाठ सोडत होती, मुरलीच्या कानाशी लागून वडलांचं, आजीचं, वारलेल्या लेकराचं नाव सांगत होती आणि कर्ण्याखाली डोळे मिटून उभी राहत होती. मुरली प्रत्येक नाव असं घेई की जणू ते माणूस सभेत पुढच्या खुर्चीवर बसलंय.

गहिनीनाथचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं. त्याचं लक्ष जनावरांच्या बाजाराकडं, कारण कचरू तिथं एका बैलाचं दावं धरून उभा होता. हा माणूस कर्ण्याजवळ यायला नको, मंडळाच्या कुणा माणसानं याला काही विचारायला नको, एवढंच त्याला कळत होतं. त्यानं जाऊन दाजींना रामराम केला आणि आग्रहानं चहाला नेलं. हॉटेल म्हणजे चार बांबू आणि तरट. बैल बाहेर खुंटाला बांधला.

कचरू बैलाचं बोलत होता, भाव सांगत होता, मग म्हणाला, भीमा आता आईचं नाव घ्यायचा थांबलाय, पण रात्री झोपताना तिचं जुनं लुगडं लागतं त्याला. कधी आणतोस तिला? गहिनीनाथ म्हणाला, महिन्याभरात. हे खरंच होतं, आणि कितीतरी महिन्यांत तो कचरूशी पहिल्यांदा खरं बोलत होता. त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं अजून एक चहा सांगितला.

तेव्हा कर्ण्यावरून मुरलीचा आवाज आला. आजच्या दिवसातलं त्याला सगळ्यात आवडलेलं नाव असावं, कारण त्यानं ते थांबून, आवाज खाली आणून घेतलं.

"आता ऐका मंडळी. आपल्याच पंचक्रोशीतली लेक, लंकाबाई कचरू, आपल्या नगरच्या दवाखान्यात क्षयातून बरी होऊन घरी येतेय. तिच्या नावानं सव्वा रुपया. सव्वा रुपया, लंकाबाईच्या नावानं."

गर्दीतून टाळ्या आल्या. त्या दिवसातल्या पहिल्याच टाळ्या.

कचरूनं बशी खाली ठेवली. सांडू न देता ठेवली.

"म्हंजे पिशवी न्हाई," तो म्हणाला.

दाजी, ती बरी झालीया, गहिनीनाथ म्हणाला.

"माझं लेकरू तिच्या अंगावर पीत हुतं," कचरू म्हणाला. "तुमाला ठावं हुतं अन् तुमी सांगितलं न्हाई. अन् आता ढाल पायजे म्हनून बाजारात पुकारताय व्हय." तो उठला, बैल सोडला आणि विकायला आणलेला बैल तसाच घेऊन वस्तीच्या वाटेला लागला.

गहिनीनाथ जीपकडं धावला. गर्दीच्या कडेला, डोक्यावर पदर घेऊन, रंगुबाई उभी होती. मोकळी झालेली हाताची मूठ तिनं छातीशी धरली होती आणि तिचं तोंड उजळलं होतं. त्यानं तिला दंडाला धरून एका छकड्यामागं नेलं. तिनं सांगितलं ते अगदी साधं होतं. लंका दवाखान्यात गेली त्या दिवशी तिनं मढीच्या नाथाला सव्वा रुपया बोलली होती. पण मग तिला वाटलं, नाथानं ज्यांच्या हातून गुण दिला त्यांनाच द्यावा. आणि नवस गुपचूप फेडला तर तो फिटत नाही. कशासाठी बोलला, कुणासाठी बोलला, ते चार माणसांत म्हणावं लागतं, नाहीतर दुखणं परत येतं. म्हणून तिनं त्या पोराच्या कानात सगळं सांगितलं. ती तर तुझीच माणसं, दवाखान्याची माणसं, ती परकी होय रं?

गहिनीनाथनं तिला कचरूचं सांगितलं. तिनं हळूच खाली बसून घेतलं, जमिनीला हात लावून, म्हातारी माणसं बसतात तशी.

चार दिवसांनी तो लंकाच्या सासरी गेला. भागिरथीनं त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. अंगणाच्या कोपऱ्यात जळालेल्या गोधडीचा काळा डाग होता आणि लंकाची पेटी, तिचा तांब्या, तिचं ताट बाहेर काढून ठेवलेलं होतं. हे घेऊन जा, ती म्हणाली. डॉक्टरांचं म्हणणं त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, आधी खोटं बोललास तेव्हाही असंच गोड बोलला होतास. तो म्हणाला, निदान भीमाला एकदा नगरला नेऊन तपासू. ती म्हणाली, माझ्या नातवाला तुमच्यातल्या कुणाचा हात लागायचा नाही. कचरू आत असावा, खाकरल्याचा आवाज आला, पण तो बाहेर आला नाही. भीमा आजीच्या लुगड्यामागून बघत होता. त्यानं मामाला ओळखलं की नाही, कळलं नाही.

रंगुबाईनं जेवण टाकलं. मी जाऊन लंकाला सांगते, माझ्या जिभेनं केलं, असं एकच धरून बसली. गहिनीनाथनं तिला शपथ घातली. आता तिला परत यायला हे एकच घर उरलंय, तो म्हणाला, आणि त्या घरात तू आहेस. तुझ्याविषयी तिच्या मनात असलं काही आलं तर ती कुठं जाईल? बाजारातल्या लोकांनी कर्णा ऐकला होता, कानात कोण बोललं ते कुणी पाहिलं नव्हतं. सगळी पंचक्रोशी म्हणत होती की ढालीसाठी भावानं बहिणीला चव्हाट्यावर मांडलं. ते तसंच राहू दे, असं त्यानं आईला सांगितलं. मुरलीला त्यानं एवढंच सांगितलं की ती माझी बहीण. मुरलीचा तो आवाज त्यानंतर कितीतरी दिवस कुणी ऐकला नाही.

ढाल त्यांच्याच वर्गाला मिळाली. मुळेसरांनी भाषणात गहिनीनाथचं नाव घेतलं, पोरांनी त्याला उचलून व्यासपीठावर नेलं आणि मंडळाच्या अध्यक्षांनी त्याच्या हातात ढाल दिली. छायाचित्रकारानं हसायला सांगितलं तेव्हा तो हसला.

लंकाला सोडायचा दिवस आला तेव्हा तो एकटाच माळावर गेला. ती दाराशी गाठोडं घेऊन तयार होती. अंग भरलं होतं, गालाला रंग आला होता. इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं दोऱ्यात ओवून तिनं भीमासाठी माळ केली होती, ती त्याला दाखवली. मग म्हणाली, आईकडं नंतर येईन, आधी मला वस्तीवर सोड; तू वेशीपर्यंत आलास तरी पुरे, पुढं मी चालत जाईन. डॉक्टर चालायला सांगतात मला.

त्यानं तिला कडुलिंबाखाली बसवलं आणि सांगितलं. आडवळण न घेता सांगितलं, कारण आडवळण घेतलं असतं तर तो मध्येच रडला असता. पेटी आपल्या घरी आणली आहे हेही सांगितलं.

ती रडली नाही. माळेतली बुचं एकेक करून बोटांनी फिरवत राहिली.

"कुनी सांगितलं त्यांना?" तिनं विचारलं.

"मी," तो म्हणाला. "बाजारात पुकारलं. ढाल मिळावी म्हनून."

लंकानं त्याच्याकडं पाहिलं. लहानपणी याच बहिणीनं त्याला कडेवर घेऊन शाळेत सोडलं होतं. ती काहीतरी बोलेल, निदान हात उगारील, म्हणून तो वाट बघत राहिला. दवाखान्यात कुणीतरी खोकत होतं. लंका उठली, गाठोडं स्वतःच उचललं आणि त्यानं हात पुढं केला तेव्हा ते दुसऱ्या बाजूला घेतलं.

फाटकापाशी मात्र ती थांबली. मागं न वळता म्हणाली, "आईला ठावं हाय का, तू केलंस ते?"

"न्हाई," तो म्हणाला.

"सांगू नगंस तिला," लंका म्हणाली. "तिला सोसायचं न्हाई."